शुद्धिपत्र

दर्यापूरच्या कॉलेजात, ग्रंथालयामागच्या खोलीत
यूपीएस कण्हत असतो.
अंक सातवा. किंमत नाही, वर्गणी नाही,
सर्व्हरचे पैसे माझ्या मार्चच्या पगारातून.

एक परीक्षक लिहितात : हे निव्वळ व्याकरण, यात साहित्य कुठे?
दुसरे : साहित्य ठीक, पण विदा कुठे?
मी दोघांना एकाच बाकावर बसवतो,
तळटीपा सरळ करतो, वीज असेतो अपलोड.

गुरुवारी खल्लारहून पंचफुला तायडे आल्या,
मोबाइल पदरात गुंडाळलेला.
"फुकट हाये म्हने, म्हून नातवानं वाचून दाखोलं.
हे चौदा नंबरचं माहं हाये ना?"

उदाहरण १४ : थो गेला.
वक्ता : स्त्री, वय ६३.

"म्या 'गेला' नाई म्हनलं, बापू.
'जाऊन राह्यला' म्हनलं.
गेला म्हनलं का मानूस सरते."

लेखकाला फोन लावला.
त्यानं ध्वनिफीत पुन्हा ऐकली,
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

चहा आला. बशीत ओतून त्या म्हणाल्या, साखर कमी.

पान ४१, ओळ सहा :
'थो गेला' ऐवजी
'थो जाऊन राह्यला' असे वाचावे.