पाळण्याकडची खोली

उद्यमनगरात रात्री साडेआठला
लेथ बंद झाल्यावरही बोटांत घरघर राहते.
जॉबकार्डाच्या पाठीवर मी लिहितो:
पार्कच्या आतलं हॉटेल, एका रात्रीचे अकरा हजार चारशे,
नाष्टा धरून, कर सोडून.
गेटाबाहेरचं लॉज अठराशे. गरम पाणी सात ते नऊ.

फरक नऊ हजार सहाशे.
म्हणजे चोवीस रुपयांप्रमाणे
चारशे बुश.
शौकत मिस्त्री म्हणतो, "झोपायला कशाला एवढं?
डोळं मिटलं की सगळ्या गाद्या सारख्याच."
खरं आहे.
पण डोळे मिटायच्या आधीचं काय?

प्रांजलला खिडकी हवीय,
जिच्यातून रात्री बंद पाळणा दिसतो.
"सगळे घरी गेल्यावर तो काय करतो, बघायचंय."

सुवर्णा भिशीचं पाकीट आणते,
मोजत नाही, नुसतं जॉबकार्डावर ठेवते
आणि दळण आणायला जाते.

मायक्रॉनची चूक पकडणारा मी,
व्हर्निअर उघडून बसलोय.
ही खिडकी कुठल्या जबड्यात धरू?

फोनवर हॉटेलचा पोरगा विचारतो,
"मुलीची उंची? एकशे चाळीसच्या वर पूर्ण दर."
चौकटीला उभी करतो तिला.
एकशे एकेचाळीस. टाचा टेकलेल्या.
"वाकू का, पप्पा?"

"नको. ताठ उभी रहा."
आणि फोनवर सांगतो, तिघं. पूर्ण. एकच रात्र.
मग ठेवता ठेवता पुन्हा विचारतो,
पाळण्याकडचीच द्याल ना?