अकरा

शिनचूमध्ये वारा फुकट, बाकी सगळं मोजून.

मी मोजते झोपलेल्या चिपचं खाणं:
पडदा काळा, फोन खिशात,
तरी आत कुठेतरी थेंब थेंब गळती.
काल पहाटे तीनला आमची अठरा मिलीवॅट.
समोरच्यांची अकरा.

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडची काच,
सहाव्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ, यू-चेंग.
त्यांचा फोन आला त्याच सकाळी आम्ही तीन विकत घेतले,
गरम हवेनं पाठ सोलली,
तारा डकवल्या, श्वास धरला.
आमचाही त्यांनी असाच सोलला असेल.
कदाचित त्यानंच.

रविवारी शिनपूला जातो, आईकडे, एकाच गाडीतून.
पगार, पोरं, मामीचा गुडघा, सगळं निघतं;
एक आकडा सोडून.

अंगणात बांबूच्या परड्या, सोललेले पर्सिमॉन, केशरी.
आई एकेक अंगठ्यानं चेपते.
"पलीकडचे भट्टी लावतात. घाई!
वरून सुकतं, पाणी आतच कोंडतं."
मी परडी वाऱ्याकडे फिरवते. यू-चेंग दुसरी.

जेवताना ती फोन बंद करून बिस्किटांच्या डब्यात ठेवते.
"शून्य," तो पुटपुटतो.
आम्ही हसतो, ती विचारते काय झालं,
सांगता येत नाही.

परतताना पुलावर, स्टिअरिंगवर बोटं वाजवत, तो म्हणतो,
"आठ. पुढच्या वर्षी."
मी काच खाली घेते. वारा भसकन आत.
"काय म्हणालास?"
"काही नाही."

सोमवारी फळ्यावर उद्दिष्ट लिहायला मला उठवतात.
सात लिहिते.
पुसते.
नऊ.