एकास शंभर

ओयार्सून पुन्हा आले, टोपी डोक्याऐवजी मुठीत.
पुंता अरेनासच्या वाऱ्यात सगळे असेच येतात.
टेबलावर नकाशा उलगडला तर म्हणाले,
"घर एवढंसं? पैसे तर पूर्ण घराचे घेताय."

म्हटलं, हे एकास शंभर.
इथला एक सेंटिमीटर म्हणजे तुमचा एक मीटर.
त्यांनी न्हाणीघरावर अंगठा ठेवला. न्हाणीघर गेलं.
"अंगठा मावत नाही, बायको कशी मावेल?"

मग एकास पन्नास. मग, हट्टच म्हणून, एकास दहा:
कागद टेबलावरून खाली उतरला,
मांजर स्वयंपाकघरात जाऊन झोपली,
जिना एका शीटवर, त्याची शेवटची पायरी दुसऱ्या.
"आता सगळं एकत्र दिसत नाही," ते म्हणाले.

मी पट्टी खाली ठेवली.
तीन महिने हेच सांगतेय, सेन्योर.
जवळ गेलं की घर सुटतं हातून,
लांब गेलं की कडीकोयंडा.

ते गप्प. मग खिशातून सुतळी काढली,
मध्ये एक गाठ.
"एदुविना चाकांच्या खुर्चीत बसते ना,
तेव्हा तिची नजर जमिनीपासून इथवर येते.
हे कुठल्या स्केलमध्ये?"

खाटकाकडचा जाड कागद मी भिंतीला चिकटवला
आणि खिडकी काढली. एकास एक.
तिची खालची कड नव्वदवरून सत्तरवर आली.

पालथ्या बादलीवर बसून
ते कागदातून सामुद्रधुनीकडे बघत राहिले.
बिलावरून मात्र नंतर भांडलेच.