डावीकडून चौथा

तो पोरगा रॉटरडॅमहून आला, पाठीवर पिशवी,
पिशवीत आमची रेकॉर्ड.
नवी कोरी. इतकी जाड आणि जड
की आधी वाटलं, चुकून दोन घातल्यात.
किट्वेत आम्ही विकली ती
उन्हात पापडासारखी वाकडी व्हायची.

कव्हरवर चौघं,
वुसाकिलेच्या वेल्फेअर हॉलच्या भिंतीला टेकून.
बेलबॉटम. केस असे की दारातून वाकून यावं लागे.
खाली छापलंय, डावीकडून :
चितालू, गिटार. कापेम्ब्वा, बास.
सिकाझ्वे, गायक.
न्कांदू, ड्रम्स.

पोरानं चौथ्यावर बोट ठेवलं,
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चौथ्याकडे.
"तुम्हीच ना?"

मीच.

आता थोडं सांगायला हवं.
'द थर्ड शिफ्ट' हे नाव शोधावं लागलं नाही.
तिघं खाणीत, सिकाझ्वे बेकरीत;
दोन पाळ्या कंपनीच्या, तिसरी आपली,
अंगात जे उरेल त्यात गाणं करायचं.
पहिला अ‍ॅम्प्लिफायर मेलेल्या रेडिओग्रामच्या पोटातून काढला.
तापला की जळक्या कांद्याचा वास यायचा.
चितालू म्हणायचा, वास आला म्हणजे सूर लागला.
मी सामान उचलायचो : ड्रम, वायरी, जनरेटर,
आणि कार्यक्रमानंतर सिकाझ्वेला.

सात वर्षं.
न्डोलाला लोकांनी दरवाजे मोडले.
मुफुलिराला एक बाई स्टेजच्या मागे बाळंत झाली,
पोरीचं नाव ठेवलं स्टीरिओ.
ती आता मुख्याध्यापिका आहे.

मग लंडनमध्ये कुणीतरी फळ्यावरचा आकडा पुसला
आणि इथे तांब्याचा भाव पडला.
आधी बिअर महागली, मग गिटारच्या तारा मिळेनात
(चितालूनं सायकलच्या ब्रेकची तार लावली, बोटं फाटली),
मग रात्रीची वीज जाऊ लागली,
मग माणसं.

त्या आजाराला कुणी नावानं हाक मारत नसे.
'बारीक होणं' म्हणत.
सिकाझ्वे बारीक झाला. कापेम्ब्वा बारीक झाला,
त्याची बायको, मग तिची बहीण.
पेट्या उचलायलाही मीच.
काय हलक्या पेट्या त्या!
कापेम्ब्वाच्या नुसत्या स्पीकरला चार माणसं लागायची.
चितालूनं देवासाठी गिटार जाळली,
पुढे लिव्हिंगस्टनकडे वारला, असं ऐकलं.

आणि न्कांदू.
फोटो काढला त्या मंगळवारी
फोरमननं त्याला सोडलं नाही.
फोटोवाला तासाचे पैसे घेत होता.
कुणीतरी म्हणालं, गर्शोम, तू उभा राहा, काठ्या धर.
त्याचं जाकीट मला खांद्यात घट्ट.
फोटोत सगळे हसतायत ना, ते त्या जाकिटाला.
तो तेव्हा नऊशे मीटर खाली होता.
पुढे एका जूनमध्ये तिथेच राहिला.
त्याचा दुसरा फोटो म्हणजे खाणीचं ओळखपत्र,
आणि ते त्याच्या खिशात होतं.

वर आहे ते फक्त वाजवलेलं.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं :
मध्येच सगळे थांबतात आणि तो एकटा,
जणू खालून कुणी पाइपावर ठोकतंय,
की आम्ही अजून आहोत.

पोरानं पेन पुढे केलं.
मी सांगणार होतो.
पण तो तीन विमानं बदलून आलेला,
आणि चहा अजून यायचा होता.

मी लिहिलं : न्कांदू.
सावकाश, तो पगाराच्या वहीत लिहायचा तसं,
शेवटचं अक्षर खाली ओढून.

पोरगा म्हणाला, एकदा वाजवा ना, या टेबलावरच.
म्हटलं, मनगट दुखतं.

रविवारी चर्चमध्ये टाळ्या सुरू झाल्या
की माझी बायको अजूनही
हळूच माझे हात धरून ठेवते.