हिरवी पूड

मर्डीनाबाईंच्या संडासात
लॉर्ननं हिरवी पूड टाकली, पाणी सोडलं.
ग्लेस बेच्या रस्त्याखाली आता दोन नळ:
एक आभाळाचा, एक माणसांचा.

सात मिनिटांनी मागचा ओढा हिरवागार.
बदकं पोहतच राहिली.

"चुकीचा जोड. कुणी केला?"
"हेक्टरनं. एकाहत्तर साली, रातोरात.
खाणीतला माणूस, खणणं हातचा मळ.
कंदील मी धरला होता.
म्हणाला, पाणी ते पाणी,
शेवटी समुद्रातच ना?"

लॉर्ननं वहीत फुली मारली.
गुरुवारी खणतील.
सिमेंटवर अजून त्याचा अंगठा असेल,
डावा. उजवा खाणीनं आधीच घेतलेला.

"तोडायच्या आधी हाक मार हो,"
म्हणत ती कप विसळते,
आणि विसळून झाल्यावरही
नळ बंद करत नाही.