रिजेक्ट

शिरोलीला दिवसभर मी कास्टिंग नाकारते.
खडूनं गोल काढते: इथं ब्लोहोल, इथं वाळू,
इथं लोखंड कोपऱ्यात जायच्या आधीच थंड पडलेलं.
पोरं म्हणतात, वैजूताई, डोळं हाईत का एक्सरे?
मी खडू कानामागं खोचते, पुढचा नग मागते.

आणि घरी, पाचगाव रोडला, जिन्याखाली
माझीच टाकी
मच्छरदाणीच्या जुन्या दांडीला टांगलेली.

गाडी गंगावेशीतल्या गवळ्याकडनं घेतली.
डाव्या अंगाला पोचा. म्हशीनं शिंग घातलं, म्हणाला,
म्हणून दोनशे कमी करतो.
म्हशीचं नाव विचारलं तर लाजला.

पेट्रोल कॅनमध्ये काढलं, टाकी साबणानं धुतली,
दोन दिवस उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवली.
मग एकशेवीसचा कागद.
काळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली तांबडा,
तांबड्यात कुणीतरी हातानं काढलेलं अर्धं अक्षर,
'ज' असेल, किंवा मोडलेला 'न'.
तेवढ्या जागी कागद जरा हळू फिरवला.
तरी गेलंच ते.

पोच्यात पुट्टी भरली. घासली. परत भरली.
डोळे मिटून तळहात फिरवायचा असतो:
डोळ्याला जे सपाट वाटतं
ते हाताला पटत नाही.

रंग आणला लक्ष्मीपुरीतनं, जांभळाच्या सालीचा.
पहिला हात सरळ गेला.
दुसऱ्याला डबा वीतभर लांब धरायचा,
तो मी चार बोटांवर आणला,
कारण आत कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.
रंग जागचा हलला,
सावकाश, अगदी शिंगाच्या जागेवरनंच,
आणि खाली येऊन थेंबात थांबला.

भिंतीपलीकडचे इलाहीचाचा,
जन्मभर ट्रकांच्या मागं कमळं रंगवलेले, डोकावले.
"रडला की गं रंग."
"पुसू काय?"
"आत्ता हात लावलास तर गाव गोळा करून रडंल.
चार दिस झोपू दे त्येला."

पाचव्या दिवशी कानामागचा खडू काढला
आणि स्वतःच्या टाकीवर गोल काढले.
ओघळ एक.
बोटाच्या तेलानं पडलेले माशाचे डोळे पाच.
झाकणाशी संत्र्याच्या सालीसारखा पट्टा.
उद्यमनगरावरनं उडून आलेली भट्टीची काळी धूळ,
ती मोजली नाही.
आमच्या कंपनीच्या कायद्यानं हा नग भंगारात.

पण दुसरी टाकी नव्हती,
आणि चाचा दाढीचं ब्लेड घेऊन आले होते.
ओघळाच्या दोन्ही अंगाला टेप चिकटवली,
ब्लेड आडवं धरून
नुसता उंचवटा खरवडायला लावला मला.
"रडं तेवढं काढायचं. तोंड काढायचं न्हाई."

मग हजाराचा कागद, बादलीत भिजवून.
साबणाचा फेस जांभळा झाला, नखं जांभळी,
कामावर पोरं विचारायला लागली, ताई, जांभळं खाल्ली काय नोव्हेंबरात?
एका जागी हात जास्त चालला
आणि करडा प्रायमर खालनं टकामका बघायला लागला.
पुन्हा रंग. पुन्हा चार दिस.
त्या आठवड्यात मी शिरोलीत
एका नगावर गोल काढला आणि बोटानं पुसला.
मग परत काढला. ब्लोहोल तो ब्लोहोलच.

शेवटी लॅकर. फरशीवर पाणी शिंपडलं,
पंखा बंद, कुकर बंद,
नवऱ्याला सांगितलं, शिंकायचं असेल तर गल्लीत जा.
आरसा झाला टाकीचा. जिन्याची फळी दिसली, माझं नाक दिसलं.
आणि तेवढ्यात एक मच्छर
ऐन माथ्यावर बसला, सहाच्या सहा पाय टेकून.

चिमट्यानं काढला असता.
खड्डा पडला असता. मग खडू, मग बादली.
मी दार ओढून घेतलं आणि जेवायला बसले.

सोमवारी तावडे हॉटेलजवळच्या पंपावर
पोरगा नळी हातात घेऊन
अंगठ्यानं मच्छर झटकतो. जात नाही.
फुंकर मारतो.
बाहीनं पुसतो.
"आतला हाय त्यो," मी म्हणते.
"तू दोनशेचं टाक. आणि सांडू नकोस."