अर्धं सफरचंद

त्रेचाळीस मीटर वर, काचेच्या पेटीत
लुत्सिना बसते सकाळी सहाला
आणि उतरते संध्याकाळी सहाला.
मधे एकदा. लिफ्ट नादुरुस्त असेल तर तेही नाही.
पायाखाली काच, काचेखाली ग्दिनियाचं बंदर
आणि आज पुन्हा केळ्यांचं जहाज.

मूत्रपिंडं दमलीत, डॉक्टर म्हणाले होते,
जणू ती कुठून तरी चालत आली होती.
मग आहाराच्या बाईंनी यादी दिली.
केळं नाही. टोमॅटो नाही. अक्रोड, चीज,
खारवलेली काकडी, बीटचं लाल सूप नाही.
बटाटा चालेल, पण सोलून, चिरून,
रात्रभर पाण्यात, पाणी दोनदा बदलून.
"मग राहिलं काय?"
बाईंनी पान उलटलं.
मागची बाजू कोरी होती.

राहिलं ते असं:
नऊला बिनमिठाच्या पावाचा तुकडा,
त्यावर अंड्याचा पांढरा; बलक कुत्र्याचा.
साडेअकराला अर्धं सफरचंद,
दीडला डबा,
चारला उरलेलं अर्धं, तोवर तांबूस झालेलं.
दिवसभराचं पाणी एक लिटर.
बर्फाचा खडा चघळला तर तोही त्यातच धरायचा.

नऊ ते साडेअकरा हे अंतर
कुठल्याच नकाशात नाही.
एक कंटेनर अडीच मिनिटांचा,
चोवीस झाले की तास.
ती वेळ बघत नाही, कंटेनर मोजते,
आणि चाळिसाव्यानंतर
लिंबाची चकती दाढेखाली धरते,
म्हणजे पोटाला वाटतं, काहीतरी येतंय.
पोट भोळं असतं. पण रोज नाही.

पोटात कावळे ओरडतात म्हणावं,
तर इथे नुसते कुरव.
काचेवर उतरतात, मान वाकडी करून आत बघतात,
पंजे आपटतात, आणि जातात.

वारा वाढला की भोंगा होतो.
सगळं थांबतं, हूक वर, माणसं आडोशाला.
भुकेला असा भोंगा नाही.
ती वाढत राहते
आणि त्याच हातांनी
चाळीस फुटी लोखंड
ट्रकवर अलगद टेकवायचं,
झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं.

वर ब्रुनोनचा रेडिओ.
ब्रुनोन खाली धक्क्यावर, तोंडात घास ठेवून बोलतो.
"डावीकडे घे. अजून. बस."
सॉसेज ऐकू येतं.
नीट कान दिला तर मोहरीसुद्धा.

तिने कुणाला सांगितलेलं नाही.
सांगितलं की खाली बसवतील, कागदांपाशी,
आणि एकवीस वर्षं वरून समुद्र बघितलेल्या बाईला
कागदांपाशी कुठलीच भूक लागणार नाही.

आज एका कंटेनरचं थंडयंत्र बिघडलं होतं.
तो उघडला, तपासला, पोरांनी घड वाटून घेतले.
ब्रुनोनने लिफ्टमधून एक फणी वर धाडली,
सात केळी, हिरवट, एकमेकांना बिलगलेली.
"खाऊन बघ गं! कशी आहेत?"

अकरा वाजून दहा मिनिटं.
तिने फणी खुर्चीमागे ठेवली,
सफरचंद वेळेआधी काढलं,
रेडिओचं बटण दाबलं
आणि चावली. कर्र.
"गोड आहेत," ती म्हणाली.

केळं वाजत नाही,
हे तिला तीन कंटेनरनंतर सुचलं.

खालून बराच वेळ काहीच नाही.
मग, "डावीकडे घे."
आवाज स्वच्छ. तोंडात घास नव्हता.
दीडपर्यंत नव्हता. चारलाही नव्हता.

संध्याकाळी लिफ्टपाशी तो उभा होता,
हात खिशात.
तिने फणी त्याच्यापुढे धरली.
त्याने घेतली, म्हणाला, "पोरींना देतो,"
आणि बुटाकडे बघत विचारलं,
"उद्या सहालाच?"
"सहालाच."

रात्री दहा. ओट्यावर पातेलं,
पातेल्यात बटाट्याचे काप.
लुत्सिना पहिलं पाणी ओतून देते,
गढूळ, पांढुरकं, थोडं मातीच्या वासाचं.
नळ सोडते.
पातेलं भरेपर्यंत उभी राहते.